पाच मिनिटांचा तास

पत्राचा सारांश: कोल्हापूरजवळच्या एका माध्यमिक शाळेत २४ वर्षं गणित-विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षिकेचं हे पत्र. जूनमध्ये संस्थेनं एक दिवसाचं प्रशिक्षण ठेवलं. आलेल्या तज्ज्ञांनी सांगितलं की आजच्या मुलांचं लक्ष आठ सेकंदांच्या वर टिकत नाही, सहा मिनिटांच्या पुढचा व्हिडिओ कुणी पाहत नाही, म्हणून यापुढे सगळं ‘मायक्रोलर्निंग’. दहावीचा अख्खा अभ्यासक्रम पाच-पाच मिनिटांच्या व्हिडिओंत तोडायचा, यूट्यूबवर चढवायचा आणि लिंक वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकायची. मुदत दिवाळीपर्यंत. बाईंनी रात्री जागून भूमितीचे १४ व्हिडिओ केले. प्रमाणाच्या मूलभूत प्रमेयाचे तीन भाग करून तीन दिवशी पाठवले. वर्गात मुलं ४१, प्रत्येक भागाला व्ह्यूज ३८च्या आसपास. विचारलं तर ‘समजलंय की मॅडम’. एक जण म्हणाला, ‘मी दोनच्या स्पीडवर बघितलोय.’ मग न सांगता चाचणी घेतली, तर प्रमेय पूर्ण सिद्ध करता आलं नऊ जणांना. शेजारच्या तुकडीच्या तरुण सरांच्या व्हिडिओंना तिप्पट व्ह्यूज. घरी इंजिनिअरिंगला असलेली मुलगी म्हणते, ‘आई, तुझा चाळीस मिनिटांचा तास आता कोण ऐकणार?’ बाई विचारतात: ठाम नकार देऊ, निमूट करत राहू, की स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज टाकू? ‘माझं शिकवणं जुनं झालंय का, एवढं खरं सांगा.’

प्रिय बाई,

हल्ली शाळांतून ‘मॅडम’ म्हणतात हे मला ठाऊक आहे. पण मी स्वतः तीस वर्षं ‘बाई’ हीच हाक ऐकली, तेच तोंडात बसलंय. चालवून घ्या.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. जुनी खोड आहे. व्ह्यूजचा आकडा तुम्ही चार ठिकाणी लिहिलाय. नऊ मुलांना प्रमेय आलं, हे एकाच ठिकाणी, तेही कंसात. मला तो कंसातला आकडा मोठा वाटतो. आणि ३८ व्ह्यूज म्हणजे ३८ मुलं असं तुम्ही धरून चाललात, गणिताच्या बाई असूनही! त्यात एखाद्या मुलीनं कळेना म्हणून चार वेळा पाहिलं असेल, कुणी सुरू करून जेवायला बसलं असेल, आणि दोन-तीन व्ह्यूज तुमचेच असतील. रात्री अकराला ‘किती झाले’ म्हणून सगळेच बघतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण त्या आकड्यावरून स्वतःला आणि शेजारच्या सरांना तोलायचं थांबवा. व्ह्यूज हे हजेरीपत्रकसुद्धा नाही, मग प्रगतिपुस्तक कुठून असणार?

प्रशिक्षणातल्या दोन आकड्यांनी तुमचा धीर सुटलेला दिसतो, म्हणून आधी त्यांच्याकडे बघू. आठ सेकंदांचं लक्ष, म्हणे गोल्डफिशपेक्षाही कमी, हे वाक्य २०१५ पासून जगभर फिरतंय. एका बड्या सॉफ्टवेअर कंपनीच्या कॅनडातल्या शाखेनं जाहिरातदारांसाठी काढलेल्या अहवालातून ते गाजलं. पुढे काही पत्रकारांनी त्याचा माग काढला, तर त्या आकड्याच्या बुडाशी संशोधनच सापडेना. बिचाऱ्या माशाबद्दलचं विधानही तसंच हवेतलं. तुमच्याच वर्गातली पोरं पेठेच्या टीमचा फुटबॉलचा सामना असला की शाहू स्टेडियमवर उन्हात दीड तास बसतात आणि पहिल्या हाफात कुणी कुणाला कसा पास दिला हे संध्याकाळी कट्ट्यावर जसंच्या तसं सांगतात. लक्ष आहे की. ते आपल्याकडे का येत नाही हा प्रश्न खरा, पण तो मोबाइलच्या आधीचा आहे. माझ्या वर्गात मागच्या बाकावर फुली-गोळा रंगायचा आणि मी समजायचे, मुलं आकृती काढतायत.

सहा मिनिटांचा आकडा मात्र कुणाच्या मनातून आलेला नाही, म्हणून तो जास्त जपून वापरायला हवा. फिलिप गुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘एडएक्स’ या ऑनलाइन शिक्षणाच्या मंचावरच्या चार अभ्यासक्रमांत लोकांनी ६९ लाख वेळा व्हिडिओ पाहिल्याच्या नोंदी तपासल्या. सहा मिनिटांपर्यंत लोक टिकतात, पुढे गळती लागते, असं त्यात दिसलं. पण त्यांनी मोजलं काय? माणूस किती वेळ बघत राहिला, आणि पुढचा प्रश्न सोडवायला त्यानं हात घातला का. महिन्यानं त्याच्या डोक्यात किती उरलं, हे त्यात नव्हतं. शिवाय ती सगळी स्वतःहून नाव नोंदवलेली, पडद्यासमोर एकटी बसून शिकणारी माणसं. तुमच्यासमोर ४१ तोंडं असतात आणि कुणाच्या कपाळाला आठी पडली हे तुम्हाला वर्गाकडे पाठ असतानाही कळतं. सहा मिनिटांचं बंधन व्हिडिओवर घाला, खुशाल घाला. तासावर घालायला त्या अभ्यासात काही आधार नाही.

आता तुमच्या प्रमेयाकडे येते. माझं आजोळ राधानगरीच्या वाटेवरचं. हंगामात तिथे गुऱ्हाळ लागायचं. काहिलीत रस चढला की खालचा जाळ तुटू द्यायचा नाही, वरची मळी काढत राहायची, आणि गुळव्या सांगेल तेव्हाच काहील उतरवायची. मध्येच जाळ विझवून ‘उरलेलं उद्या’ म्हणता येत नाही, हे आम्हा पोरांनाही कळायचं. तीच ढेप घरी आली की मात्र वर्षभर खडा खडा फोडून पुरवायची. बाई, तुम्ही ढेप न फोडता काहीलच फोडलीत.

बघा ना. त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर असलेली रेषा उरलेल्या दोन बाजूंना छेदते, तेव्हा त्यांना एकाच प्रमाणात विभागते, हे दाखवायचंय. आपण दोन रेषा जोडतो, त्यातून समांतर रेषेच्या पायावर दोन लहान त्रिकोण तयार होतात, आणि अचानक क्षेत्रफळांची गुणोत्तरं मांडायला लागतो. मुलाच्या मनात प्रश्न उठतो, ‘बाजूंचं चाललं होतं, हे क्षेत्रफळ मध्येच कुठून आलं?’ त्याचं उत्तर अगदी शेवटी आहे: त्या दोन लहान त्रिकोणांचा पाया एकच, दोन्ही समांतर रेषांच्या मधले, म्हणून क्षेत्रफळं सारखी, म्हणून गुणोत्तरं सारखी. सुरुवातीचा तो प्रश्न डोक्यात गरम आहे तोवर शेवटची ओळ आली तरच ‘अरेच्चा, असं होय!’ होतं. तुमची रचना सोमवारी गेली, गुणोत्तरं मंगळवारी आणि निष्कर्ष बुधवारी. ‘समजलंय की मॅडम’ म्हणणारी पोरं खोटं बोलत नव्हती. त्यांना प्रत्येक तुकडा समजलाच होता. तुकड्यांमधला सांधा कुठल्याच व्हिडिओत नव्हता, तो तुमच्या डोक्यात होता.

याच धड्यात प्रमेयाच्या आधी एक लहान गुणधर्म आहे: समान उंचीच्या त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर त्यांच्या पायांच्या गुणोत्तराएवढं असतं. तो मात्र पाच मिनिटांत छान बसतो. कागदाचा एक त्रिकोण कापायचा, शिरोबिंदूपासून पायापर्यंत एक रेघ मारून दोन त्रिकोण दाखवायचे, उंची तीच हे बोटानं दाखवायचं, संपलं. हा व्हिडिओ आदल्या रात्री पाठवा. दुसऱ्या दिवशी पूर्ण तास प्रमेयाला द्या, न तोडता, मुलांना मध्येमध्ये अडू देऊन. आणि प्रमेय झाल्यावर पुढच्या तीन-चार आठवड्यांत त्याचे खडे फोडा: आज फक्त आकृती आठवून काढा, चार दिवसांनी ‘ती दोन क्षेत्रफळं सारखी का?’ एवढंच, मग एखादं उदाहरण.

हाच निकष बाकीच्या अभ्यासक्रमाला लावलात तर संस्थेनं मागितलेल्या ढिगातला बराचसा भाग आपोआप गळून पडेल. भिंगांच्या धड्यातले चिन्ह संकेत, किरणाकृती काढायचे तीन नियम, संयुजा, सूत्रं, एककं, असल्या गोष्टी तुकड्यांतच चांगल्या राहतात. सिद्धता, शाब्दिक उदाहरणं, एखाद्या प्रयोगामागचं कारण, हे काहिलीत शिजू द्यायचं. आणि तिसरा एक प्रकार आहे जो तुमच्या १४ व्हिडिओंत एकदाही आला नाही: जे वर्गात दाखवताच येत नाही ते. धातुविज्ञान शिकवताना वितळलेल्या धातूचा रंग आपण फळ्यावर पांढऱ्या खडूनं कसा दाखवणार? तुमच्या वर्गातल्या कुणाचे तरी वडील किंवा काका शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत असतीलच. मालकांची परवानगी काढून, लांब उभं राहून, लोखंड साच्यात ओतताना दोन मिनिटं चित्रण करून आणता आलं तर त्या दोन मिनिटांनी जे होईल ते माझ्यानं चाळीस मिनिटांत झालं नसतं. पोराच्या बापाचं काम वर्गात येतं, हा वरचा फायदा.

तुम्ही विचारलंत, शिकवणं जुनं झालंय का. उत्तर देण्याआधी एक उलटा प्रश्न विचारते, रागावू नका. ‘पूर्वी माझ्या तासाला मुलांना सगळं कळायचं’ असं तुम्ही लिहिलंय. ते तुम्हाला कशावरून कळलं? पूर्वीच्या तासानंतर आठवड्यानं, न सांगता, कोरा कागद देऊन तुम्ही कधी चाचणी घेतली होती का? मी घेतली होती, एकदाच, दिवाळीच्या सुट्टीनंतर. सुट्टीआधी वर्ग कसा माना डोलवत होता ते मला आठवत होतं, म्हणून मोठ्या थाटात कागद वाटले. निकाल पाहून दोन दिवस शिक्षकखोलीत कुणाशी धड बोलले नाही. व्हिडिओ बघून ‘समजलंय’ वाटणं आणि रंगलेला तास ऐकून ‘समजलंय’ वाटणं, या दोन्ही एकाच घरच्या बहिणी. नऊ जणांचा निकाल व्हिडिओचा म्हणून तुम्ही दूर सारताय, पण निव्वळ फळ्यानं शिकवून तो किती आला असता, हे तुमच्याकडे लिहिलेलं नाही.

विसरणं हा काही मोबाइलनं आणलेला रोग नाही. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग छापले. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या आणि काही वेळानं पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजायचं. एका तासानं निम्म्याहून कमी वाचले, एका दिवसानं सुमारे एक तृतीयांश, महिन्यानं साधारण पाचवा हिस्सा. म्हणजे घसरण सुरुवातीलाच जोरात होते, मग मंदावते. या घसरणीला टेकू द्यायची पद्धत आपल्या घरांत होतीच. दिवेलागणीला शुभंकरोती झालं की परवचा: पाढे, पावकी, निमकी. रोज दहा मिनिटं, तेच तेच, वर्षानुवर्षं. मायक्रोलर्निंग हे नाव त्याला कुणी दिलं नव्हतं. पण हेही लक्षात ठेवा की परवचा म्हणणाऱ्या पोराला गुणाकार म्हणजे काय हे परवचा शिकवत नसे, ते कुणीतरी चिंचोके मांडून आधी दाखवलेलं असे.

परवच्यात आणि तुमच्या व्हिडिओत एक मोठा फरक आहे. परवच्यात बोलायचं पोरानं. व्हिडिओत बोलता तुम्ही, पोरगं बघतं. अमेरिकेत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना काही उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी बंद करून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तर पारडं उलटलं: लिहून काढणाऱ्यांना निम्म्याहून जास्त आठवत होतं, वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के. लगेच घेतलेल्या चाचणीत नुसतं बघणं-वाचणंही बरं दिसू शकतं, ते यामुळे. मुख्याध्यापकांशी बोलताना ही गोष्ट हाताशी असू द्या.

मग करायचं काय? तासाच्या सुरुवातीची सात मिनिटं काढा. वह्या बंद, पुस्तकं बंद, पाच प्रश्न: दोन कालचे, दोन गेल्या आठवड्यातले, एक महिन्यापूर्वीचा. मुलांनी चिठोऱ्यावर उत्तरं लिहायची, शेजाऱ्याशी ताडून बघायची, चिठोरा खिशात. गुण नाहीत, सही नाही, पालकांना निरोप नाही. पहिले आठ दिवस कुरकुर होईल. ‘महिन्यापूर्वीचं कोण विचारतंय मॅडम!’ होऊ द्या. अडतील तिथेच ते शिकत असतात. याला ना नेटवर्क लागतं, ना रात्री जागून एडिटिंग. खरं तर माझ्या मते तुमच्या शाळेत होऊ शकणारं सगळ्यात चांगलं मायक्रोलर्निंग हेच आहे, फक्त ते पडद्यावर दिसत नाही म्हणून कुणी त्याचा फोटो काढणार नाही.

घरी करायला मुलांना खोक्याची युक्ती द्या. जर्मनीत सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये ती लोकप्रिय केली, आजची अनेक आठवण करून देणारी अॅप्स त्याच तत्त्वावर चालतात. आपल्याकडे तिला लागणारं साहित्य घरोघरी पडलेलं आहे: चपलेचं रिकामं खोकं आणि जुन्या लग्नपत्रिका. पत्रिकेच्या कोऱ्या बाजूचे पत्त्याएवढे तुकडे कापायचे, एका अंगाला प्रश्न, दुसऱ्या अंगाला उत्तर. खोक्यात पुठ्ठा लावून चार कप्पे. पहिला कप्पा रोज काढायचा, दुसरा एक दिवसाआड, तिसरा आठवड्यानं, चौथा महिन्यानं. उत्तर आलं की पत्ता पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात. प्रश्न मात्र मुलांनीच लिहायचे. तुम्ही छापून दिलेत तर निम्मी मजा आणि निम्मा अभ्यास तुमच्याच वाट्याला येईल.

व्हिडिओ बंद करा असं मी म्हणत नाही. थोडे करा आणि वेगळे करा. एका व्हिडिओत एकच प्रश्न, तो पहिल्या अर्ध्या मिनिटातच विचारलेला. मग ‘इथे थांबवा आणि वहीत लिहा’ म्हणून खरोखर गप्प बसा. व्हिडिओत गप्प बसणं अवघड जातं, पाच सेकंद तासासारखे वाटतात, पण बसा. मग उत्तर, आणि शेवटी मुलं हमखास कुठे चुकतात ते. चेहरा दिसायची गरज नाही. वरून कागद आणि हात दिसले की पुरे. पंखा बंद करा, त्याचा आवाज बोलण्यापेक्षा जास्त येतो. आणि सगळं नव्यानं करत बसू नका. बालभारतीच्या पुस्तकांत धड्याशी क्यूआर कोड आहेत, ते ‘दीक्षा’ या सरकारी ऑनलाइन शिक्षण-मंचावरच्या साहित्याकडे नेतात. आधी ते बघा. चांगलं असेल तर तेच वापरा, जमत नसेल तिथेच आपला हात घाला.

एक गोष्ट तुमच्या पत्रात आलीच नाही, आणि मला तीच सगळ्यात जास्त टोचली. ते तीन कोण? ३८ मध्ये न आलेले तीन, किंवा खरं तर तीनपेक्षा जास्तच. त्यातल्या मुली किती? ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या अहवालासाठी झालेल्या २०२३च्या पाहणीत, देशातल्या २८ जिल्ह्यांतल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींत, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी सुमारे ४४ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता. मुलींत हेच प्रमाण २० टक्क्यांच्या आत. घरात फोन असतो, पण तो आधी वडिलांचा, मग भावाचा, आणि भांडी झाल्यावर उरलाच चार्ज तर तिचा. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. मूल शाळेत न येण्याची वाट घरातून जाते हे त्यांना दिसत होतं. आज संस्था लिंक पाठवून मोकळी होते आणि कोण पोचलं नाही हे कुणी मोजत नाही. तुम्ही मोजा. वर्गात हात वर करायला लावू नका, मुली खोटं सांगतात. एकेकीला बाजूला घेऊन विचारा की फोन कुणाचा, हातात कधी येतो, नेट कधी संपतं. आणि नियम करा की व्हिडिओ पाहिला नाही म्हणून कुणाचं काही अडणार नाही. त्यातलं जे गरजेचं असेल ते वर्गात पाच मिनिटं दाखवा, नाहीतर सरळ फळ्यावर करा. जाता जाता: गटात मुलींचे नंबर सगळ्यांना दिसत असतील तर गट मोडा आणि फक्त शिक्षकच पाठवू शकतील, नंबर कुणाला दिसणार नाहीत अशी ब्रॉडकास्ट यादी करा. त्यात एक अडचण आहे, ज्यांनी तुमचा नंबर जपून ठेवलाय त्यांनाच निरोप पोचतो. तो आधी जपून ठेवायला सांगा.

आता नकार द्यायचा की नाही. नकार दिलात तर काम थांबणार नाही, शेजारचे सर करतील. आणि मुलं कुठे ठेचकाळतात याचं तुमच्याकडे असलेलं २४ वर्षांचं ज्ञान त्या व्हिडिओंत येणार नाही. निमूट करत राहिलात तर दिवाळीपर्यंत दोनशे व्हिडिओ होतील आणि नऊ जणांचे दहा होतील. मी तुमच्या जागी असते तर मुख्याध्यापकांकडे एक पानी प्रस्ताव घेऊन गेले असते. ‘मला हे पटत नाही’ या वाक्यानं सुरुवात करू नका. त्यांनाही वर संस्थेला काहीतरी दाखवायचंय. म्हणा, दोनशेऐवजी चाळीस करते, पण कोणते ते मी ठरवते. आणि दोन तुकड्यांत एक प्रयोग करू: एका धड्याला ‘अ’ तुकडीला व्हिडिओच्या तुकड्यांनी शिकवू, ‘ब’ला पूर्ण तास आणि रोजची सात मिनिटं. पुढच्या धड्याला अदलाबदल, म्हणजे हुशार तुकडी, चांगले सर असली भांडणं नकोत. चाचणी तीन आठवड्यांनी, न सांगता. दुसऱ्या दिवशी अजिबात नाही. निकाल काय येईल हे मीही छातीठोक सांगणार नाही. तुमच्या विरुद्ध आला तर तोही मुख्याध्यापकांना दाखवायची तयारी ठेवा.

शेजारच्या सरांकडे चहाला जा. त्यांचे व्हिडिओ विद्यार्थी म्हणून, वही घेऊन बघा. कदाचित नुसतं संगीत असेल, कदाचित खरंच काही नेमकं सांगत असतील. त्यांना एडिटिंग येतं, तुम्हाला चुका माहीत आहेत. दोघांनी मिळून केलेला एक व्हिडिओ तुमच्या चौदांना भारी पडेल. आमच्या काळात शाळेला टीव्ही मिळाला होता, शैक्षणिक कार्यक्रम दाखवायला. मुख्याध्यापकांच्या खोलीत क्रोशाच्या झाकणाखाली बसला आणि क्रिकेटच्या दिवशी तेवढा उघडायचा. आम्ही शिक्षक आपसात हसायचो, पण त्याचं काय करता येईल हे विचारायला आमच्यातलं कुणीच गेलं नाही. मीही नाही.

मुलीला एक विचारा, प्रेमानं. परीक्षेच्या आदल्या रात्री जे छोटे व्हिडिओ बघून ती पास झाली, त्या मागच्या सेमिस्टरच्या विषयातलं आज काय आठवतंय? खवचटपणा वाटेल, पण तिचं उत्तर तुम्हाला उपयोगी पडेल, आणि बहुधा तिलाही.

स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिवाळीआधी लिहू नका. गुडघे दुखतात म्हणून घ्या, कंटाळा आला म्हणून घ्या, शेतीकडे बघायचंय म्हणून घ्या, त्यातलं कुठलंही कारण मला चालेल. दुसऱ्याच्या व्ह्यूजवरून घेऊ नका.

आणि तो दोनच्या स्पीडवाला. त्याला रागावला नाहीत ना? त्याला बोलवा आणि विचारा, ‘पळवत होतास ते कळलं, पण मध्ये थांबवून मागे कुठे आलास?’ सगळ्यांनाच विचारा. जिथे बरीच मुलं मागे आली असतील ती जागा वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्या प्रमेयाचा तास तिथूनच सुरू करा.